एका दिवसाची मजुरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 मी विद्वान वक्ता नव्हे, की धर्मशास्त्राचा पंडितही नव्हे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी ‘वडील’ म्हणून काम पाहतो. हा शब्द आपणांपैकी काहींना नवा वाटेल, म्हणून त्याचा खुलासा प्रथम करतो. आमच्याकडे उपदेश करणे, बाप्तिस्मा देणे, लग्ने लावणे ही कामे पाळकसाहेब करतात. वडील हे मात्र सभासदांनी आपल्यातूनच निवडलेले, पोटापाण्यासाठी नोकरीधंदा करणारे साधे गृहस्थ असतात. रविवारच्या उपासनेनंतर जमलेले दान दोघांनी मिळून मोजायचे, वहीत लिहून खाली सही करायची. कोणी आजारी असेल तर त्याच्या घरी जायचे. दोन घरांत भांडण झाले तर दोघांच्याही ओसरीवर जाऊन बसायचे, अशी आमची कामे. तेव्हा मी आज जे बोलणार आहे ते व्यासपीठावरून सुचलेले नाही, ओसरीवर बसून सुचलेले आहे, असे समजून ऐकावे ही विनंती.

‘ख्रिस्ती शिकवण आणि रोजचे जीवन’ असा विषय मला दिलेला आहे. आपला धर्म आपण माझ्यापेक्षा कितीतरी चांगला जाणता. तो आपणांस शिकवण्यासाठी मी आलेलो नाही, आणि माझा धर्म आपण घ्यावा असेही मला सुचवायचे नाही. पिढ्यान् पिढ्या आपण एकाच गल्लीत राहतो, एकाच नळावर पाणी भरतो, एकाच बाजारात भाजी घेतो. शेजारच्या घरात कशाला मोल आहे, हे परस्परांस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने मी चार गोष्टी सांगणार आहे.

प्रभू येशू ख्रिस्त नासरेथ या लहानशा गावी सुताराच्या घरी वाढले. त्यांची बरीचशी शिकवण गोष्टींच्या रूपाने आहे. या गोष्टींना आम्ही ‘दाखले’ म्हणतो. त्यांत पेरणारा शेतकरी आहे, पिठात खमीर कालवणारी बाई आहे, हरवलेले मेंढरू शोधणारा मेंढपाळ आहे, आणि पुष्कळ ठिकाणी मजूर, मालक, सावकार आणि देणेकरीही आहेत. या दाखल्यांतून एक नाणे पुन्हा पुन्हा आपल्या हाती येते. त्याचे नाव दिनार. रोमी राज्यातील हे चांदीचे छोटे नाणे. शेतावर दिवसभर राबणाऱ्या मजुराला संध्याकाळी जी मजुरी मिळे, ती साधारण एक दिनार असे. आज मी या एकाच नाण्याचा माग काढणार आहे. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आपण एका दिवसाची मजुरी ५०० रुपये धरू. कोठे जास्त मिळते, कोठे कमी मिळते. पण गणित करण्यापुरता हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिला दाखला द्राक्षमळ्याच्या मालकाचा. आपल्या तासगावकडे द्राक्षबागांच्या हंगामात मजुरांची जशी तारांबळ असते, तसाच तो प्रसंग आहे. मालक पहाटे चौकात जातो आणि एक दिनार ठरवून मजूर आणतो. पुन्हा नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाच वाजता जातो तेव्हाही काही माणसे तेथे उभीच असतात. दिवसभर त्यांना कोणी कामावर बोलावलेले नसते. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. दिवस मावळल्यावर तो मजुरी वाटतो ती शेवटी आलेल्यांपासून, आणि तासभर काम केलेल्यालाही पुरा एक दिनार देतो. पहाटेपासून राबलेले लोक कुरकुर करतात. मालक त्यांना ठरलेला पुरा दिनार देतो. त्यांचे काहीच कापलेले नाही, हे तो त्यांच्या लक्षात आणून देतो.

हा दाखला देवाच्या दयेविषयी आहे, असे आमचे पाळकसाहेब सांगतात आणि ते खरेच आहे. पण ज्याने कधी मजूर अड्ड्यावर उभे राहून पाहिले आहे, त्याला त्यात आणखीही काही दिसते. सकाळी आठ वाजता धडधाकट, ओळखीची माणसे उचलली जातात. दहा वाजता म्हातारे, किडकिडीत, नवखे तेवढे उरतात. पाचला जो उभा असतो तो आळशी म्हणून उभा नसतो. रिकाम्या हाताने घरी कसे जायचे हे सुचत नाही, म्हणून उभा असतो. त्याच्या घरची चूलही तितकेच सरपण मागते. त्याच्या मुलाची फीही तितकीच असते. मालकाने पाहिले ते हे. माणसाची गरज आणि माणसाची किंमत तासावर मोजता येत नाही, हे त्या एका दिनारात आहे.

आता आपल्या घराकडे या. आपण सगळेच कोणाचे ना कोणाचे मालक आहोत. दुकानावर पोऱ्या असतो, घरी भांडी घासणारी बाई असते, भिंत बांधायला गवंडी येतो. मोशेच्या नियमशास्त्रात असा दंडक आहे की, मजुराची मजुरी दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्यापाशी ठेवू नये. मजुराचा मोबदला विनाविलंब द्यावा ही शिकवण आपल्याकडेही आहे, हे मी माझ्या मुस्लिम स्नेह्यांकडून ऐकलेले आहे. ‘उद्या ये’ हे दोन शब्द आपल्याला फार सोपे वाटतात. पण ज्याला ते ऐकावे लागतात त्याची रात्र कशी जाते, याचा विचार करावा. आता तर पैसे मोबाईलवरूनही जातात. सुटे नाहीत ही सबबसुद्धा उरलेली नाही.

आणि पालकहो, त्या वेळी आपला मुलगा दारात उभा असतो, हे विसरू नका. सकाळी आपण त्याला प्रार्थनेचे शब्द शिकवतो, आणि संध्याकाळी तो आपल्याला ‘उद्या ये’ म्हणताना ऐकतो. दोन्हींपैकी त्याच्या मनावर काय ठसते, हे मी आपणांस सांगायला नको. ज्या दिवशी बाईचा खाडा झाला म्हणून आपण तिचे पैसे कापतो, त्या दिवशी तिचे मूल तापाने फणफणले होते का, एवढे विचारून पाहावे. त्या एका प्रश्नाने घरातले मूल जे शिकेल, ते वर्षभराच्या नीतिपाठांनी शिकणार नाही.

दुसरा दाखला दोन दिनारांचा आहे. एका शास्त्र्याने प्रश्न विचारला की, शेजाऱ्यावर प्रीती करावी हे ठीक, पण माझा शेजारी कोण? तेव्हा येशूंनी ही गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट सुमारे २५-३० किलोमीटरांची, आणि तेवढ्यात ती सुमारे १००० मीटर खाली उतरते. आपल्या एखाद्या घाटापेक्षाही बिकट, उजाड आणि चोरांना सोयीची. तेथे एका माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. एक याजक आला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. मंदिराच्या सेवेतला एक लेवी आला, तोही तसाच गेला. मग एक शोमरोनी आला. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यान् पिढ्यांचे वैर. देव एकच, पण उपासनेची जागा कोणती यावरून भांडण. त्या परक्या माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. म्हणजे आपल्या हिशेबाने १००० रुपये. वर सांगून गेला की, आणखी काही खर्च झाला तर परत येताना तो मी भरीन.

या दाखल्यावर प्रवचने पुष्कळ होतात. पण शेवटच्या व्यवहाराकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. जखम बांधणे हे दयेचे काम झाले. परत येण्याचे कबूल करणे हे जबाबदारीचे काम आहे. आपण गरीब विद्यार्थ्याला जूनमध्ये वह्या देतो, फोटो काढतो. दिवाळीनंतर तो शाळेत येतो की नाही, हे कोण पाहतो? मदत करणारे हात पुष्कळ असतात, परत येणारे पाय थोडे असतात. आपली संस्था वर्षानुवर्षे टिकली आहे ती परत येणाऱ्या माणसांमुळे, असे मला वाटते.

आपल्या महाराष्ट्रात या दाखल्याशी जुळणारी एक खरी घटना घडलेली आहे, आणि या सभेत ती सांगितल्याखेरीज मला राहवत नाही. पुण्यातील गोविंदराव फुले यांनी आपला मुलगा जोती याला प्राथमिक शिक्षणानंतर शाळेतून काढले आणि शेतीच्या कामाला लावले. मुलगा हुशार होता, वाचनाची आवड होती. ते दोन माणसांच्या नजरेस आले. एक होते उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी, आणि दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, आणि मुलगा माळ्याचा. या दोघांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ मध्ये जोती पुन्हा शाळेत गेला. ती शाळा स्कॉटिश मिशनची होती. मुलाचे वय तेव्हा सुमारे १४ वर्षांचे. पुढे १८४८ मध्ये याच जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा या सहकारी स्त्रीचा आपुलकीने उल्लेख केलेला आहे.

मुन्शीसाहेबांनी गोविंदरावांना मोठी देणगी दिली नव्हती. त्यांनी एका बापाची समजूत काढली, एवढेच. त्यांच्या खिशातून गेली असेल ती एखादी संध्याकाळ. पण त्या एका संध्याकाळीवाचून महाराष्ट्राचा इतिहास कसा झाला असता, याचा विचार करून पाहावा.

आमच्या दक्षिण महाराष्ट्रात दुसरे उदाहरण मिरजेचे आहे. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेस त्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्या काळी शिवाशिव कडक होती. तरीही सर्व जातींचे, सर्व धर्मांचे रुग्ण तेथे येत. मी हे आमच्या लोकांची बढाई म्हणून सांगत नाही. दुःखाने सांगतो की, आमच्या मंडळ्यांतही जातीच्या रेषा अजून पुरत्या पुसल्या गेलेल्या नाहीत. सोयरिकीच्या वेळी त्या हमखास वर येतात. शेजारी कोण, हा प्रश्न आम्हालाही रोज सोडवावा लागतो.

तिसरा दाखला शंभर दिनारांचा. एका राजाने चाकरांचा हिशेब घेतला. एका चाकराकडे दहा हजार तलांत येणे निघाले. तलांत हे चांदीचे वजन होते आणि एका तलांताची किंमत साधारण ६००० दिनार होती. म्हणजे दहा हजार तलांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आपल्या ५०० रुपयांच्या हिशेबाने ३००० कोटी रुपये! एका चाकराने कितीही जन्म घेतले तरी न फिटणारे हे देणे. त्याने पाया पडून मुदत मागितली, आणि राजाने मुदत न देता सगळेच देणे सोडून दिले. तो बाहेर पडतो तोच त्याला दुसरा चाकर भेटला. तो याला शंभर दिनार लागत होता. याने त्याची मानगूट धरली आणि त्याला तुरुंगात घातले. राजाला हे कळले तेव्हा काय झाले ते आपण ओळखले असेलच.

क्षमेविषयी बोलताना आपण एक चूक करतो. ज्याला दुखावले गेले आहे त्याला सांगतो, ‘अरे, एवढेसे ते काय, सोडून दे.’ हा दाखला असे म्हणत नाही. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी, आपल्या हिशेबाने ५०,००० रुपये. गरिबाच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. जे लागत होते ते खरेच लागत होते. क्षमा करणारा काही गमावतो, हे येशूंनी लपवलेले नाही. त्यांनी फक्त दुसरे पान उघडून दाखवले की, तुझेही देणे कोणीतरी सोडलेले आहे, आणि ते याच्या सहा लाख पट होते.

एका गावची हकीकत सांगतो. दोन सख्खे भाऊ, दोघेही आमच्या मंडळीचे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाद झाला आणि आठ वर्षे बोलणे बंद. एकाच शाळेत, एकाच वर्गात बसणाऱ्या चुलत भावंडांना एकमेकांशी बोलायची बंदी. आमच्यात प्रभुभोजनाचा विधी असतो. येशूंच्या मरणाची आठवण म्हणून सगळे एका मेजावरची भाकर घेतात. त्यापूर्वी आपसांतील वैर मिटवावे, अशी शिकवण आहे. देवापुढे अर्पण आणले आणि तेथे आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, असे येशूंनी डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. या शिकवणीत एक बारकावा आहे. आपल्या मनात राग असेल तर, असे तेथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात असेल तर. म्हणजे चूक कोणाची हे ठरेपर्यंत थांबण्याची मुभा नाही.

मी धाकट्याच्या ओसरीवर बसलो. तो म्हणाला, ‘काका, माझे चार उन्हाळे पीक गेले. ते कोण भरून देणार?’ मी म्हटले, ‘कोणी देणार नाही. तुझे गेले ते खरेच गेले.’ तो बराच वेळ गप्प राहिला. आजवर त्याला प्रत्येकाने तुझे फारसे काही गेले नाही असेच सांगितले होते. गेले ते कोणी मोजले, एवढ्यानेच तो अर्धा मऊ झाला. मग मी थोरल्याकडे गेलो. चार-पाच खेपा झाल्या. शेवटी पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहिल्या गेल्या आणि दोघांनी सह्या केल्या. चूल काही एक झाली नाही, आणि जुनी माया परतली असेही मी म्हणणार नाही. पण पुढच्या जूनमध्ये थोरल्याचा मुलगा आणि धाकट्याची मुलगी एकाच सायकलवरून शाळेत जाताना मी पाहिली. मोठ्यांच्या भांडणाचे व्याज मुले भरत असतात. ते तरी थांबले.

चौथा दाखला खास विद्यार्थ्यांसाठी. एक धनी परदेशी जाताना तीन चाकरांवर आपली मालमत्ता सोपवतो. एकाला पाच तलांत, एकाला दोन, एकाला एक. पहिले दोघे उद्योग करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा भीतीने ती जमिनीत पुरून ठेवतो. धनी परत आल्यावर तिसऱ्याची कानउघाडणी होते. हा दाखला वाचताना आपण सहज म्हणतो, ‘बिचाऱ्याला एकच मिळाला होता!’ पण मघाचे गणित आठवा. एक तलांत म्हणजे ६००० दिवसांची मजुरी. वर्षात ३०० दिवस काम धरले तर २० वर्षांची कमाई. आपल्या हिशेबाने ३० लाख रुपये. ज्याला सगळ्यांत कमी मिळाले, त्यालाही एवढे मिळालेले होते! तो गरीब नव्हता. शेजाऱ्याच्या पाचांकडे बघत बसल्यामुळे त्याला आपला एक लहान वाटला, असे मला तरी दिसते.

मुलांनो, वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला ९० टक्के गुण मिळतात आणि तुम्हांला ५०. म्हणून तुम्ही आपला तलांत पुरून ठेवता का? कोणाच्या हातात सुतारकाम असते, कोणाला यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कळतो, कोणी आजाऱ्याची शुश्रूषा न कंटाळता करतो, कोणाचे अक्षर मोत्यासारखे असते. ही लहान देणगी नव्हे, वीस वर्षांची कमाई आहे. आणि दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धन्याने सारखीच शाबासकी दिली. पालकहो, आपण घरी अशी शाबासकी देतो का? की दोनाच्या चाराला ‘त्याचे बघ दहा झाले’ असे म्हणतो?

पुरून ठेवलेले तलांत उकरून काढणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. १८५८ मध्ये जन्मलेल्या या संस्कृत विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुलींना केडगावला आणले. ज्या मुलींना समाजाने ओझे म्हणून टाकले होते, त्यांच्या हातांना तेथे शिवण, विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली गेली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि त्याची छपाई केडगावच्या छापखान्यात याच मुलींच्या हातून झाली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. कोणाच्या मनात आले असते का, की दुष्काळात रस्त्यावर पडलेली पोर उद्या खिळे जुळवून ग्रंथ छापील? म्हणून, मुलगी परक्याचे धन आहे, तिला शिकवून काय करायचे, असे जे बाप म्हणतात, ते ३० लाख रुपये जमिनीत पुरून वर माती लोटत असतात, असे मी स्पष्टच म्हणतो. आमच्या समाजातही असे बाप आहेत.

आता शेवटचा प्रसंग. हा दाखला नव्हे, घडलेली गोष्ट आहे. यरुशलेमच्या मंदिरात लोक दानपेटीत पैसे टाकत होते. श्रीमंत पुष्कळ टाकत होते. एका गरीब विधवेने तांब्याची अगदी लहान अशी दोन नाणी टाकली. दोन्ही मिळून एका दिनाराचा चौसष्टावा भाग. आपल्या हिशेबाने जेमतेम आठ रुपये! येशूंनी शिष्यांना जवळ बोलावून सांगितले की, हिने सर्वांपेक्षा अधिक दिले आहे, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले, आणि हिने होते तेवढे सगळे दिले.

दर रविवारी दान मोजताना मला ही विधवा आठवते. चुरगळलेली, घामाने ओलसर झालेली दहाची नोट हाती आली की ती मी जरा सावकाश उलगडतो. वहीत तिची नोंद दहा रुपये एवढीच होते. दुसरी कशी होणार? आपल्या या स्मरणिकेतही देणगीदारांची नावे छापली जातील. ती छापावीत, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण या मंडपात अशाही माता बसल्या असतील, ज्यांनी भिशीचा हप्ता चुकवून मुलीची परीक्षा फी भरली, स्वतःचे औषध पुढच्या महिन्यावर ढकलले. त्यांची नावे कोठेच छापली जाणार नाहीत. विद्यार्थ्यांनो, ती नावे तुम्ही वाचायची आहेत. तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती न दिसणाऱ्या शाईने लिहिलेली असतात.

एक दिनार, दोन दिनार, शंभर दिनार, दहा हजार तलांत, एक तलांत आणि शेवटी एका दिनाराचा चौसष्टावा भाग. स्वर्गाच्या राज्याविषयी बोलणाऱ्या गुरूने मजुराच्या खिशातले नाणे का वापरले असेल? मला जे उत्तर सापडले ते असे. आपण धर्म ठेवतो प्रार्थनेच्या जागी, आणि पैसा ठेवतो दुकानात. दोन्हींच्या मध्ये आपण भिंत घालतो, आणि त्या भिंतीमुळे आपल्याला दोन्हीकडे सुखाने राहता येते. येशूंनी ती भिंत ठेवली नाही. तुझा देवावर विश्वास किती, हे मजुराला विचार, मोलकरणीला विचार, ज्याच्याशी तू बोलत नाहीस त्या भावाला विचार, असेच जणू ते सांगतात. माझ्या घरातली कोणतीही पोथी माझ्याविषयी एवढे खरे सांगू शकणार नाही, जेवढे आमच्याकडे काम करून गेलेला माणूस सांगेल.

भाषण लांबले. जाण्यापूर्वी तीन विनंत्या करतो, आणि त्या मी माझ्या मंडळीतही करीत असतो.

पहिली. आज घरी गेल्यावर ज्याचे देणे राहिले असेल त्याचे देऊन टाका, आणि ते मुलांच्या देखत द्या. शक्य असेल तर मुलाच्याच हातून द्या.

दुसरी. आपली ईद येईल, आमचा नाताळ येईल. नवे कपडे शिवायला टाकण्यापूर्वी, ज्याच्या घरी आपले जाणे बंद आहे अशा एका घरी जाऊन या. तेथे चहा मिळेलच असे नाही. तरी जा.

तिसरी विनंती महत्त्वाची. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. दहावीची परीक्षा मात्र चौदाव्या वर्षानंतर येते. नेमक्या याच वयात आपल्या गल्लीतला एखादा मुलगा गॅरेजवर जाऊ लागतो, एखादी मुलगी घरी बसते. जोती फुले याच वयाचा होता, जेव्हा दोन शेजारी त्याच्या बापाला भेटले. आपल्या गल्लीत असे एक मूल शोधा. त्याच्या वडिलांची जात, धर्म विचारू नका. एक संध्याकाळ काढून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. पहिल्या खेपेला ते ऐकणार नाहीत, कारण त्यांची अडचण खरी असते. ती लहान आहे असे त्यांना सांगू नका. दुसऱ्यांदा जा. आपणांस सोबत हवी असेल तर मला निरोप पाठवा, मी येईन. एक मुन्शीसाहेब होते आणि एक लिजिट होते, हे आपण दोघांनीही लक्षात ठेवू या.

 आपल्या संस्थेची भरभराट होवो, विद्यार्थ्यांना यश मिळो, आणि आपल्या गल्लीत कोणाचेही मूल शाळेवाचून न राहो, अशी त्या एका परमेश्वराजवळ प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.